मदत हवी आहे: जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचं ६ व्होल्टचं वायरिंग १२ वर न्यायचंय, स्टार्टर जळंल का?

नमस्कार मंडळी. आजोबांच्या वेळचा पेट्रोलवरचा राखाडी फर्ग्युसन हाय आमच्याकडं, टीई-२०, सुरुवातीचं मॉडेल म्हणून ६ व्होल्ट. नंतरच्या मॉडेलला कंपनीनंच १२ दिलं होतं. इंजिन खणखणीत, हँडल मारलं की उठतंय, नांगरटीला नाही वापरत पण फडातनं उसाचं वाडं आणायला आणि दसऱ्याला पूजा करून गावातनं फिरवायला पायजेच.

अडचण बॅटरीची. ६ व्होल्टची मोठी बॅटरी दुकानात कोण ठेवत नाही, जुन्या बुलेटची छोटी मिळती तिच्यानं स्टार्टर नुसता कण्हतो, आणि हेडलाइट तर काजव्यागत. म्हणून १२ करायचं ठरवलं, बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याच कामाचा मारुती ८०० चा अल्टरनेटर बसवणार. पण उद्यमनगरात वाइंडिंगवाले म्हणाले स्टार्टरचं वाइंडिंग नवीन भरल्याशिवाय १२ दिलं तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग) गेलंच समजा, आणि गावातला वायरमन म्हणतो नुसती बॅटरी बदल, काय होत नाही. दोघंबी छातीठोक सांगतात, ऐकू कुणाचं? त्यात आमच्या गाडीला बॅटरीचा पॉझिटिव्ह चासीला जोडून अर्थ केलाय, तो तसाच ठेवायचा का उलटा करायचा? उलटा केला तर स्टार्टर उलटा फिरणार का? (गिअरचा दांडा एसवर ढकलला की स्टार्टर फिरतो ह्यात, वेगळं बटण नाही.) कुणी स्वतः केलं असंल तर सांगा राव.

गॅरेजवाले_काका:
स्टार्टर भरायचा खर्च करू नका. ६ चा स्टार्टर १२ वर जोरात फिरतो, इंजिन दोन सेकंदात उठतं, तेवढ्यात तापायला वेळच मिळत नाही. फक्त इंजिन उठत नसताना दांडा दाबून धरायचा नाही, तिथं जळतो. पिनियन (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) इंजिनच्या रिंग गिअरवर जरा जोरात आपटतो, दात आधीच झिजलेले असतील तर ते बघून घ्या. आणि अर्थ बदलला तरी स्टार्टर उलटा फिरत नाही, कारण फील्ड (बाहेरचं स्थिर वाइंडिंग) आणि आर्मेचर दोन्हीतला करंट एकदमच उलटतो.

खरी जळायची वस्तू म्हणजे प्लगला ठिणगी देणारी इग्निशन कॉइल, तिचं नाव तुमच्या वाइंडिंगवाल्यानंबी घेतलं नाही आणि वायरमननंबी नाही. ६ च्या कॉइलचा प्रायमरी (बॅटरीकडचं वाइंडिंग) साधारण दीड ओहम असतो, म्हणजे ६ व्होल्टला ४ अँपिअर. त्याच कॉइलला १२ दिले की ८, मग डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काळे पडतात आणि कॉइल हाताला चटका देती. १२ ची ३ ओहमवाली कॉइल घ्या, झालं. घेताना मीटर लावूनच घ्या, काही १२ च्या कॉइल बाहेर रेझिस्टर लावायच्या असतात, त्याबी दीड ओहमच दाखवतात आणि दुकानदार ते सांगत नाही.

अर्थ मात्र निगेटिव्ह करावाच लागंल, मारुतीचा अल्टरनेटर पॉझिटिव्ह अर्थवर जोडला तर डायोड तिथल्या तिथं उडतात. मग कॉइलच्या प्लसला चावीची वायर आणि मायनसला डिस्ट्रिब्युटरची, अँमिटरच्या दोन वायरी अदलाबदल, सगळे बल्ब आणि हॉर्न १२ चे. डायनॅमोचा जुना कटआउट (बॅटरीचा करंट डायनॅमोत उलटा जाऊ न देणारा) काढूनच टाका, त्याचं आता काय काम नाही.

उसाचा_फड:
काका बरोबर, पण भावा आधी बॅटरीची केबल बघ की. ६ व्होल्टला करंट दुप्पट लागतो, म्हणून केबल अंगठ्याएवढी जाड लागती, आणि आपल्याकडं कुणीतरी कधीतरी कारची बारीक केबल घातलेली असती. चासीवरचा अर्थ रंगावरच आवळलेला असतो ते वेगळंच. ते घासून लख्ख कर, निम्मा त्रास तिथंच संपतो.

धागाकर्ता:
बघितलं, केबल खरंच बारीक निघाली 😅 अर्थच्या बोल्टाखाली तर गंजाचा थरच. पण ६ ची बॅटरी मिळतच नाही तर केबल बदलून करू काय, १२ च करतो, त्याला हीच केबल चालंल. आता एकच शंका, एकजण म्हणाला अल्टरनेटर बसवल्यावर चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही. खरंय का?

गॅरेजवाले_काका:
खरंय, वायर चुकीची जोडली तर. चावीपासनं अल्टरनेटरच्या एल पिनेला जाणारी बारीक वायर सरळ जोडली की चावी काढल्यावर अल्टरनेटर त्याच वायरीतनं कॉइलला उलटा करंट देत बसतो. त्या वायरीत चार्जिंगचा छोटा १२ व्होल्टचा बल्ब घाला, डॅशवर लाल दिवाबी मिळंल आणि इंजिनबी बंद होईल. बल्ब एलईडी नको, साधा तारेचाच. जोडून झालं की जरा रेस देऊन बॅटरीवर मीटर धरा, १३.८ ते १४.४ च्या मधे आलं पायजे.

पुली मात्र डायनॅमोच्या पट्ट्याशी जुळणार नाही बहुतेक. अल्टरनेटर आणि जुनी पुली दोन्ही घेऊन उद्यमनगरात लेथवाल्याकडं जा, बोअर करून देईल. ब्रॅकेट करायच्या आधी पट्टा सरळ रेषेत येतोय का ते बघा, नाहीतर आठवड्याला पट्टा खाईल.