चार पार्टिशने भरलेल्या डिस्कवर लिनक्स बसवताना मोकळी जागा ‘अनयुजेबल’ दिसते

प्रश्न :
नमस्कार. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे घरच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स मिंट बसवायचे आहे. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर सिस्टिम रिझर्व्हड, सी, डी आणि लॅपटॉपसोबत आलेले रिकव्हरी अशी चार पार्टिशने आहेत. डी लहान करून ८० जीबी जागा मोकळी केली, परंतु इन्स्टॉलरमध्ये तिच्यापुढे ‘अनयुजेबल’ असे दिसते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून तिथे पार्टिशन करू गेल्यास डिस्क ‘डायनॅमिक’ होईल अशी सूचना येते. तिथेच मी थांबलो आहे. डीमध्ये घरातले सगळे फोटो आणि दुकानाचे हिशेब आहेत, म्हणून पुढे जाण्याआधी विचारत आहे.

प्रतिसाद १ :
आपण थांबलात हे फार बरे झाले. त्या सूचनेला ‘येस’ म्हटले असते, तर जीपार्टेड (लिनक्समधले पार्टिशन बदलण्याचे साधन) आणि इन्स्टॉलर यांना त्या डिस्कवर काही करता आले नसते, आणि विंडोजच्या स्वतःच्या साधनाने ती पुन्हा ‘बेसिक’ करायची तर आधी तिच्यावरची सगळी व्हॉल्यूम पुसावी लागतात.

आपली डिस्क एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची आहे. तिच्या ५१२ बाइटच्या पहिल्या सेक्टरमध्ये ४४६ बाइट बूट कोडला आणि ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला मिळतात. प्रत्येक नोंद १६ बाइटची असल्यामुळे चारच नोंदी मावतात आणि त्या चारही आपल्याकडे भरलेल्या आहेत. जागा शिल्लक असूनही तिची नोंद करायला घर नाही, एवढाच ‘अनयुजेबल’चा अर्थ. खात्रीसाठी लाइव्ह सेशनमध्ये (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या मिंटमध्ये) ‘एफडिस्क’ या आज्ञेने यादी काढून पाहा, डिस्कलेबलपुढे ‘डॉस’ लिहिलेले असेल.

डीमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, मग डी काढून त्या सलग जागेत एक एक्स्टेंडेड पार्टिशन, म्हणजे एकाच नोंदीत इतर पार्टिशने पोटात घेणारे पार्टिशन, करा. त्याच्या आत नवा डी आणि लिनक्स ही दोन्ही लॉजिकल पार्टिशने म्हणून बसतील. लॉजिकल क्रमांक ५ पासून सुरू होतात आणि लिनक्स त्यांवरून विनातक्रार बूट होते.

प्रतिसाद २ :
बॅकअपबद्दल पूर्ण सहमत, परंतु डी हलवण्याची गरज मला वाटत नाही. रिकव्हरी पार्टिशन काढले तरी एक नोंद मोकळी होते आणि आपल्या ८० जीबीतच एक्स्टेंडेड करता येते. फॅक्टरी रिस्टोअरची सोय मात्र त्याबरोबर जाईल, म्हणून आधी विंडोज १० चा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह तयार ठेवावा. फास्ट स्टार्टअपही बंद करून विंडोज पूर्ण शटडाउन करा, कारण ते चालू असताना विंडोजचे एनटीएफएस पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि त्यावर लिहिणे धोक्याचे ठरते.

काही जण डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारे ‘एमबीआर-टू-जीपीटी’ सुचवतील. मायक्रोसॉफ्टचे ते साधन चांगले आहे, पण त्यालाही जास्तीत जास्त तीनच प्रायमरी (मुख्य तक्त्यात नोंद असलेली) पार्टिशने चालतात आणि रूपांतरानंतर लॅपटॉप यूईएफआय या नव्या बूट मोडमध्ये बूट व्हावा लागतो. इतक्या जुन्या यंत्रावर मी त्या वाटेला जाणार नाही.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. बॅकअप घेऊन रिकव्हरी काढले, एक्स्टेंडेड केले आणि मिंट बसले. परंतु पेन ड्राइव्ह काढून रीस्टार्ट केल्यावर मेनू न येता थेट विंडोज सुरू होते.

प्रतिसाद १ :
ग्रब, म्हणजे सुरुवातीचा मेनू दाखवणारा बूटलोडर, बहुधा पेन ड्राइव्हवरच लिहिला गेला आहे. इन्स्टॉलरच्या पार्टिशनच्या पानावर सगळ्यात खाली बूटलोडरसाठी डिस्क निवडायची असते, आणि लाइव्ह सेशनमध्ये कधी कधी पेन ड्राइव्हलाच ‘एसडीए’ हे नाव मिळते. नावावर विसंबू नका. ‘एलएसबीएलके’ ही डिस्कची यादी देणारी आज्ञा चालवून आकारावरून आतली डिस्क ओळखा.

पेन ड्राइव्ह लेगसी (जुन्या बायोस) मोडमध्येच सुरू करा. ‘सिस’ फोल्डरमधील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर दिसले, तर तो यूईएफआयने सुरू झाला आहे असे समजा आणि बूट मेनूमधून दुसरी नोंद निवडा. नंतर लिनक्सचे रूट पार्टिशन ‘एमएनटी’वर माउंट करून, त्यातले बूट फोल्डर बूट-डिरेक्टरी म्हणून देऊन ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवा. शेवटी संपूर्ण डिस्कचे नाव द्यायचे आहे, पार्टिशनचा क्रमांक जोडायचा नाही.

प्रतिसाद २ :
एक पुरवणी. त्यानंतर मेनूत विंडोज दिसले नाही तरी घाबरू नका. २०२१ मधील ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ‘ईटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ग्रबची फाइल आहे; तिच्यात ओएस-प्रोबर डिसेबल करणाऱ्या ओळीची किंमत ‘फॉल्स’ करा, ओळ नसल्यास लिहा, आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

प्रश्नकर्ता :
ग्रब आतल्या डिस्कवर लिहिला. मेनूत मिंट आले, विंडोज मात्र ओएस-प्रोबर सुरू केल्यावरच दिसले. आता दोन्ही सुरू होतात आणि डीमधल्या फाइली मिंटमधूनही उघडत आहेत.