'द्विधा' नको, 'दोटाना' सांगा
इंग्रजी 'अँबिव्हॅलंट' (एकाच गोष्टीबद्दल एकाच वेळी दोन विरुद्ध भावना असलेला) समजावताना बंगाली माणसाला 'द्विधा' शब्द सांगावा, असं काही जण सुचवतात. मला ते अर्धवट वाटतं. द्विधा म्हणजे करू की नको, पाऊल अडलेलं. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 1910 च्या सुमारास 'अँबिव्हॅलन्स' हा मूळ शब्द घडवला तो लॅटिनमधल्या 'दोन्ही' आणि 'बळ' यांवरून. म्हणजे दोन्ही भावना तितक्याच जोरकस. बंगालीत त्याला 'दोटाना' जास्त जवळचा, कारण त्यात दोन्हीकडची ओढ आहे.

आमच्या ऑफिसात कोलकात्याच्या एकाला 'अँबिव्हॅलंट' समजावताना मी व्याख्याच देत बसलो होतो. शेवटी विचारलं, पुण्याची नोकरी घेताना आनंद झाला की घर सुटल्याचं वाईट वाटलं? तो म्हणाला, दोन्ही, आणि आजही तसंच आहे. झालं काम! (उच्चार मात्र 'अँबिभॅलंट'च राहिला, बंगालीत व्ह चा भ होतोच.) फक्त यात 'बिटरस्वीट' (सुखदुःख एकत्र मिसळलेलं) मिसळू नका. त्याला त्यांच्याकडे 'अम्लमधुर' आहे. दुर्गापूजेत दशमीला देवीचं विसर्जन करताना डोळ्यांत पाणी, तोंडात मिठाई आणि वर 'आश्छे बोछोर आबार होबे'चा (पुढच्या वर्षी पुन्हा होईल) गजर, ते अम्लमधुर. तिथे ओढाताण नसते.