आवाजाचा नकाशा: चौकोनातली सरासरी फसवतेय का?

चाळकरी_गिरगाव
गणपतीच्या दहा दिवसांत गिरगाव ते दादर पायी हिंडून आवाजाच्या जवळजवळ २,१०० नोंदी घेतल्या. प्रत्येकीत अक्षांश, रेखांश, वेळ, डेसिबल. नुसते ठिपके टाकले तर एकावर एक बसून डागच होतो, म्हणून 'आर' या आकडेवारीच्या संगणकभाषेत जीजीप्लॉट या चित्रं काढणाऱ्या पॅकेजमधलं स्टॅट समरी टूडी वापरलं. नकाशाचे चौकोन पाडले आणि प्रत्येकातल्या डेसिबलची सरासरी रंगाने दाखवली.

चित्र आलं, पण पटत नाहीये. सर्वांत गडद चौकोन ठाकूरद्वारच्या एका गल्लीचा. वही उघडली तर तिथे एकच नोंद, ९८. ढोल-ताशा माझ्या अगदी पुढ्यातून जात होता तेव्हाची. आणि आमच्या चाळीखाली, जिथे आजी रोज रात्री कानात कापूस घालून बसायची, तो चौकोन फिका! शिवाय चौकोन कसले, उभे आयत दिसतात. रविवारी मंडळाच्या बैठकीत हा नकाशा ठेवायचाय. एक चौकोन खोटा निघाला तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल?

आकडेमोड
एका नोंदीची सरासरी म्हणजे तीच नोंद, आणि मागे नोंदी किती हे रंग सांगत नाही. चौकोनातल्या नोंदींचं काय करायचं ते 'फन' ठरवतं, त्याला स्वतःचं फंक्शन दे: नोंदी दहापेक्षा कमी तर 'एनए' (म्हणजे रिकामं), नाहीतर सरासरी. स्टॅट बिन टूडीने त्याच मापाच्या चौकोनांत नोंदींची संख्या दाखवणारं चित्रही शेजारी लाव. बैठकीत पहिला प्रश्न तोच येईल.

काही सांगितलं नाही तर दोन्ही दिशांना ३० तुकडे पडतात. तुझा पट्टा उत्तर-दक्षिण लांब, म्हणून आयत. 'बिनविड्थ', म्हणजे चौकोनाच्या बाजूंचं माप, स्वतः दे. मुंबईत एक अंश रेखांश साधारण १०५ किमी, अक्षांश १११. म्हणजे २५० मीटरच्या चौकोनाला अंदाजे रेखांशात ०.००२४ आणि अक्षांशात ०.००२३ अंश. नकाशाचं प्रमाण राखणारं कोऑर्ड क्विकमॅपही लाव, नाहीतर मापं बरोबर असूनही ताणलेले दिसतील.

नोंदी पुरेशा व्हाव्यात म्हणून चौकोन मात्र फुगवू नकोस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला ७५ च्याही आत. दोन्ही एका चौकोनात घातले की सरासरी सुमारे ५०९, आणि तेवढा पाऊस या दोन्हींपैकी कुठेच पडला नव्हता.

मापनवाला
सर्वांत मोठी चूक राहिलीच. डेसिबल हे लघुगणकी माप आहे, त्याची साधी सरासरी काढायची नसते. ६० आणि ९० ची साधी सरासरी ७५ येते, ऊर्जेची काढली तर ८७. प्रत्येक डेसिबलला १० ने भागा, तो १० चा घात करा, त्यांची सरासरी घ्या, तिचा लॉग काढून १० ने गुणा. हे सगळं 'फन'मध्येच बसतं.

आणि दिवस-रात्र एकत्र करू नका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ अशी मर्यादा आहे. फॅसेटने, म्हणजे नोंदींचे गट पाडून शेजारी-शेजारी, दोन नकाशे करा. तुमच्या आजींची रात्र दुपारच्या शांततेत विरघळली, म्हणून तो चौकोन फिका.

चाळकरी_गिरगाव
सगळे बदल केले. ठाकूरद्वारचा चौकोन गेला. पण आमच्या चाळीखाली रात्रीच्या सातच नोंदी निघाल्या. दहाचा नियम सगळ्यांना, त्यामुळे तोही रिकामा ठेवतेय. त्या सात नोंदी वेळेसकट बैठकीत वहीतून वाचून दाखवीन.