जूनची ट्रिप: सेलमला जाऊया का?

पीबॉडीहून

मंडळी नमस्कार,

आपल्या मराठी मंडळाच्या कमिटीने ट्रिपसाठी जागा सुचवायला सांगितल्यात म्हणून लिहितोय. माझं मत इथलं बॉस्टनजवळचं सेलम. चेटकिणींचं म्युझियम सगळ्यांचं बघून झालंय, त्यासाठी नाही म्हणत मी. तिथे वॉशिंग्टन स्ट्रीटवर टॅबरनॅकल चर्च आहे, आजची इमारत नंतरची आहे पण चर्च तेच, जिथे 6 फेब्रुवारी 1812 ला पाच पोरांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली, आणि त्यातले दोघं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, वर्षभराने, 11 फेब्रुवारी 1813 ला मुंबईत उतरले. आधी कलकत्त्याला गेले होते, तिथे कंपनी सरकारने निघून जा म्हणून हुकूम काढला, त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू, मुंबईचे गव्हर्नर नेपियन पण ह्यांना परत पाठवायलाच निघाले होते. हॉलने पत्रांवर पत्रं लिहिली तेव्हा कुठे राहू दिलं. 1817 ला त्यांच्या छापखान्यात मराठी छपाई सुरू झाली. आपण इथून विमानात बसलो की दुसऱ्या दिवशी घरी, आणि ही माणसं इथून निघून आपल्या गावात जाऊन राहिली, मराठी शिकली, हॉल तर तिकडेच वारले. आपण इतकी वर्षं इथे राहतोय आणि ह्यातलं काही पोरांना सांगत नाही ह्याचं वाईट वाटतं.

श्रूजबरीहून

सूचना वाचली. कोणाला दुखवायचं नाही, पण ही माणसं धर्मांतर करायला आली होती हे आपण विसरायचं का? आपल्या देवांबद्दल त्यांनी काय काय छापलं ते पण वाचा. मंडळाच्या पैशातून असल्या ठिकाणी जायला माझा स्पष्ट विरोध आहे. पोरांना रायगड दाखवत नाही आपण आणि मिशनऱ्यांची दीक्षा दाखवायची?

नॅशुआहून

सर्वांना सलाम. मी लिस्टवर फक्त वाचते, लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

काका, तुमचा मुद्दा खोटा नाही. ते धर्म सांगायलाच आले होते, त्यांनी ते कधी लपवलं नाही, आणि हिंदू धर्माबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंच कडू आणि एकांगी होतं, मी ख्रिस्ती असून मला ते वाचवत नाही. पण मी नगरची आहे, आमच्या घरात पाच पिढ्या शिकल्या त्या ह्याच अमेरिकन मिशनच्या शाळेमुळे, आणि आमच्या आधीच्या पिढीला गावातल्या शाळेच्या पायरीवरसुद्धा बसू देत नव्हते. पोटासाठी बाटले असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय. छप्पनच्या, म्हणजे 1899-1900 च्या, दुष्काळात मिशनने अनाथ पोरं घेतली हे खरं, पण जेवण मिळालं म्हणून माणूस शंभर वर्षं दर रविवारी उपासनेला जात नाही हो.

मला हॉलपेक्षा मिस सिंथिया फरार जवळच्या वाटतात. त्या आमच्या न्यू हॅम्पशायरच्याच, मार्लबरोच्या, आमच्याकडून तासाभरावर. लग्न न केलेली बाई, 1827 ला बत्तिसाव्या वर्षी मुंबईला निघाली, मुलींच्या शाळा चालवायला. त्या काळी मुलगी शिकली तर विधवा होते म्हणायचे, तेव्हा घरोघरी जाऊन आईबापांची मनधरणी करायची, आलेली मुलगी चार दिवसांनी यायची बंद झाली की परत त्या दारात जायचं, आणि जरा वाचायला लागली की लग्न होऊन सासरी. परत नवीन मुली, परत मुळाक्षरांपासून. मधे तब्येतीसाठी एकदा घरी आल्या, परत गेल्या ते नगरला, आणि 1862 ला नगरलाच वारल्या. आईने परवा फोनवर विचारलं काय लिहितेस एवढं, तिला सांगितलं तर म्हणाली, अगं मडमांनी शिकवलं म्हणून तुझी पणजी बायबल-बाई झाली, बायकांना बायबल वाचून दाखवत गावोगाव पायी फिरायची, तिचंही लिही.

जोतिराव फुल्यांनी नगरला फरारबाईंची शाळा पाहिली आणि मग 1848 ला पुण्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते पण फरारबाईंकडे. जोतिरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही आणि मिशनऱ्यांचं चांगलं ते घेतलं, तसं आपल्यालाही घेता येईल ना? निर्णयसागर छापखाना तुम्हाला माहीतच असेल, 1869 ला तो काढणारे जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातच काम शिकले.

आणि हॉलचं एवढंच सांगते. 1825 ला बायकोला आणि दोन मुलांना तब्येतीसाठी अमेरिकेला पाठवलं, त्यातला एक मुलगा बोटीवरच गेला. हॉल मागे राहिले. मार्च 1826 ला नाशिककडे गेले तर तिथे पटकी, म्हणजे कॉलरा, पसरलेली, लोक पटापट मरत होते, जवळचं औषध वाटत राहिले. परतताना एका देवळाच्या ओसरीत मुक्काम केला, तिथे दोन आजारी माणसं पडलेली होती, उरलंसुरलं औषध त्यांना दिलं आणि मग ह्यांनाच पटकी लागली. 20 मार्चला गेले, बरोबरच्या दोन पोरांनी पुरलं. वय बेचाळीसच्या आत. ह्या माणसाला मराठी मंडळाच्या पोरांनी एकदा ओळखावं असं मला फार वाटतं.

श्रूजबरीहून

ताई, जावजींचं माहीत नव्हतं. फरारबाईंचंही नव्हतं, सावित्रीबाईंवर आपण दर जानेवारीला कार्यक्रम करतो आणि हे नाव कधी घेतलं नाही. धर्मांतराबद्दल माझं मत आहे तेच आहे. पण विरोध मागे घेतो, एका अटीवर, की माहिती सांगताना दोन्ही बाजू सांगायच्या, त्यांनी आपल्या देवांबद्दल काय लिहिलं तेही.

पीबॉडीहून

काका, अट मान्य. सांगायचं काम ताईंनी करावं असं मी सुचवतो, दोन्ही बाजू त्यांच्याइतक्या कोणी नीट सांगणार नाही. चर्चला मी फोन करून आत बघायला मिळतं का विचारतो. ताई, रेव्हरंड टिळकांची भजनं तुमच्याकडे घरात म्हणत असतील ना, एखादं म्हणाल का तिथे? टाळ मी आणतो, तबला न्यायला कोणाच्या गाडीत जागा आहे ते कळवा. दुपारी समुद्राकाठी जेवण, पोळीभाजी प्रत्येकाने आपापली, मसालेभात मंडळाकडून. रविवार नको, ताईंची उपासना असते, शनिवार बघूया. नावं गुरुवारपर्यंत द्या.