चायनीज थीमचं छोटं लग्न, दापोली-गुहागरकडे जागा सुचवा

शेवंती:
भावाचं लग्न फेब्रुवारीत आहे, होणारी वहिनी चीनची, माणसं मोजकीच. आंजर्ल्याचा बीच घ्यावा की एखादं कौलारू घर? लाल कंदील वगैरे लावायचेत.

खाडीकाठ:
बीच नकोच. त्याच दिवसांत तिकडे कासवं अंडी घालायला येतात, लाईट लावले की पिल्लं पाण्याऐवजी उजेडाकडे जातात. आणि कागदी कंदील त्या वाऱ्यात तासभर तरी टिकतील का, कापडी घ्या.

मधली आळी:
घरच घ्या, पण खळं मोठं बघा, मांडव तिथेच. त्यांच्यात नवरानवरी थोरांना चहा देतात, मग थोरलेही लाल पाकिटात पैसे देतात, त्याला पडवी एकदम मस्त, आजीआजोबांना खुर्चीत बसवा. फुलं पांढरी नकोत हां, तिकडे पांढरा सुतकाचा, म्हणजे मोगऱ्याचे गजरे घेण्याआधी वहिनीला विचारा. जास्वंद, झेंडू भरपूर. टेबलाला ४ नंबर देऊ नका, ८ शुभ.

शेवंती:
गजऱ्यांचं लक्षातच नव्हतं, आई तर ऑर्डर देऊन बसलीये! गुहागरला खळंवालं घर कुणाच्या माहितीत आहे का?

खाडीकाठ:
असगोळी, पालशेतला चौकशी करा. जनरेटर आहे का ते आधी विचारा.