९.९ एचपी आउटबोर्ड आणि फुगवायची बोट: नवा पंखा कितीच्या पिचचा?

खडपी:
बोट ३.३ मीटरची, तळही हवेचाच. मागे ९.९ एचपी फोर-स्ट्रोक. पंखा ॲल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, सव्वानऊ इंच व्यास आणि ९ इंच पिच (एका फेऱ्यात पंखा कागदावर जेवढा पुढे सरकतो ते अंतर). एक पातं टोकाला मुडपलंय, म्हणून बदलायचाच आहे. एकटा असलो की बोट पटकन पाण्यावर चढते, म्हणजे पाणी न ढकलता वरून घसरत पळते, आणि पूर्ण थ्रॉटलला टॅको ५,८०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दाखवतो. तिघं आणि सामान असलं की नाक वर करून पाणी ढकलत बसते, ४,६०० च्या पुढे काही जात नाही. मॅन्युअलमध्ये ५,००० ते ६,००० दिलंय. तोच पंखा घेऊ की पिच कमी करू? स्टीलचा किंवा चार पात्यांचा घेण्यात अर्थ आहे का?

वल्हेकरी:
८ इंच पिच घ्या, व्यास तोच ठेवा.

पिच एक इंचाने उतरवली की साधारण २०० आरपीएम वाढतात. तिघांच्या वजनाला तेवढी वाढ पुरत नाही असं कागदावर दिसेल, पण बोट एकदा पाण्यावर चढली की ओढ एकदम कमी होते आणि आरपीएम आपोआप ५,००० ओलांडतात. चढायच्या आधीच इंजिन दबतंय, ही तुमची खरी अडचण. थ्रॉटल पूर्ण उघडं आणि आरपीएम खाली, अशा अवस्थेत इंजिन तासन् तास चालवणं वाईट: तापतं, कार्बन धरतं.

एकटे असाल तेव्हा ८ च्या पंख्यावर ६,००० ला टेकाल, तिथे थ्रॉटल थोडं मागे घ्यायचं. शिवाय तुमचे ५,८०० मुडपलेल्या पात्यावरचे आहेत. असं पातं पाणी नीट पकडत नाही, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकतो.

चार पाती घेतलीत तर तीच पिच जड पडेल, आणखी एक इंच उतरावं लागेल. कमी वेगात बोट चढलेली राहते हा फायदा खरा, पण वरचा वेग जातो. स्टील या इंजिनाला नको. दगड लागला तर ॲल्युमिनियमचं पातं वाकून धक्का खातं, स्टीलचं तो गिअरपर्यंत पोचवतं.

ओहोटी:
पिचबद्दल सहमत, पण पैसे घालण्याआधी हवा तपासा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. बाजूच्या नळ्यांना बहुतेक बोटींत २५० मिलिबार लागतात, हवेच्या तळाला त्याहून बरेच जास्त. आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो. उन्हात भरलेली बोट गार पाण्यात उतरली की दाब पडतो. तळ मऊ झाला की बोट मधोमध वाकते, मग कुठलाही पंखा लावा, चढणार नाही.

पेट्रोलची टाकी पुढे सरकवा, तिसऱ्याला पुढे बसवा. नाक तरीही वर राहिलं तर इंजिनाचा कल ठरवणारी ट्रिम पिन एक भोक आत, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीकडे. पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा १–२ सेंटिमीटर खाली हवी. त्याहून वर असेल तर वळताना पंखा हवा ओढतो.

हबमधलं (पंख्याच्या मधल्या, शाफ्टवर बसणाऱ्या भागातलं) रबर सुटलंय का तेही बघा. हब आणि पंखा दोन्हींवर मिळून पेंटची एक सरळ रेघ मारा, पूर्ण थ्रॉटल देऊन या. रेघ तुटली तर रबर घसरतंय.

स्लिपचा, म्हणजे पंख्याचा कागदावरचा वेग आणि बोटीचा खरा वेग यांतल्या फरकाचा हिशोब: पिच इंचात × आरपीएम × ०.००१५२४ ÷ गिअर रेशो = ताशी किलोमीटर. रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) २.०८ धरला तर ९ × ५,८०० ला ३८ येतात. जीपीएस ३० दाखवत असेल तर ठीक, हलक्या बोटीला एवढी स्लिप चालते. २४ दाखवत असेल तर दोष पिचचा नाही.

खडपी:
दाब तपासतो. तिघांसाठी सरळ ७ च घेतला तर?

वल्हेकरी:
कायम तिघंच असाल तर विचार करा. एकट्याला ७ वर इंजिन थेट लिमिटरवर (आरपीएम कमाल मर्यादेला रोखणारी सोय) जाईल आणि वेगही मिळणार नाही. ८ वर न भागल्यास ७ दुसरा म्हणून ठेवा, बदलायला दहा मिनिटं लागतात.

शिडाची दोरी:
मागवताना फक्त व्यास-पिच सांगून भागत नाही. शाफ्टवरचे दाते मोजा आणि इंजिनाचा मॉडेल नंबर द्या. एकाच एचपीची दोन इंजिनं, पण दाते वेगळे, हे सर्रास असतं.

बसवताना आधी किल स्विचची (इंजिन बंद पाडणाऱ्या स्विचची) दोरी काढा, प्लगची वायर सुटी करा. पातं आणि वरची प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला की नट सुटतो. पंखा निघाला की आतला जाड वॉशर कुठल्या बाजूने होता ते फोटो काढून ठेवा. तो उलटा बसला किंवा राहून गेला तर पंखा गिअर केसवर घासतो. शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळलेली असेल तर ती सील कापते. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलंच समजा.

दात्यांना पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस. नट आवळल्यावर कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून आरपार घालायच्या पिनचं) भोक जुळलं नाही तर आणखी आवळून जुळवा, सैल करून नाही. पिन दर वेळी नवी, स्टेनलेसची. जुनी सरळ करून परत घातलेली पिन तुटते, आणि मग नटासकट पंखा पाण्यात.