बागेसाठी कमिटी हवी की मोर्चा?

गोंडवन: "निसर्ग मंडळांनी बैठका बंद कराव्यात, बाग वाचवायची तर रस्त्यावर उतरा," ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. भाऊ, मोर्चा संध्याकाळी पांगतो, फाइल दुसऱ्या दिवशी पुढं सरकते. झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष कायद्यानं बुंध्यावर नोटीस आणि पेपरात जाहिरात लागते. ती रोज बघणार कोण? पाच माणसं पुरेत, कामं मात्र वाटलेली हवीत. एकानं नोटिसा बघायच्या, एकानं माहिती अधिकार, दोघांनी झाडांची नोंद: जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर, फोटो, लोकेशन. ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज ठरतं, ते आधीच हेरून ठेवायचं. पाचव्यानं फक्त पोचपावत्या सांभाळायच्या. आवकचा शिक्का नसेल तर निवेदन दिलं काय न् नाही काय.

महाल_१८: पोस्ट माझी आहे. निवेदनांनी फाइल जाड होते, काम थांबत नाही. नागपूरच्या अजनी वनात झाडं तुटणार होती, तिथं लोक झाडांखाली उभे राहिले म्हणून विषय गाजला, इतिवृत्तं लिहून नाही.

गोंडवन: आणि ते प्रकरण हायकोर्टात गेलं ते काय घोषणांवर? तिथं कागदच लागतो.

करंज: तुम्ही दोघं कुऱ्हाडीवर अडलात. बागेतली झाडं वाटेवरच्या पेव्हर ब्लॉकनं मरतात! काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ब्लॉक उखडतात. म्हणून ठेकेदार खाली काँक्रीट ओततो. पाणी अन् हवा शोषणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, ती गुदमरतात. शेंडा वाळायला लागतो तेव्हा बिल कधीच निघालेलं असतं.

महाल_१८: पेव्हर नको तर म्हातारी माणसं जुलैच्या चिखलात घसरू देत का? व्हीलचेअर कुठून न्यायची? हे बोला ना.

करंज: मुरूम दाबून घाला, मध्ये उंच, दोन्ही कडांना उतार, बाजूनं नाली. झाडाभोवती किमान मीटरभर माती मोकळी. आधीचं काँक्रीट काढायचं तर सबलीनं, जेसीबीनं नाही. मुळं सोलली की झाड गेलंच. अन् मोकळ्या केलेल्या मातीचा ढीग बुंध्याला लावू नका, साल कुजते.

महाल_१८: मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून जातो.

करंज: नाली नसली तरच.

महाल_१८: बरं, नालीचं मानलं. पण दरवर्षी मुरूम भरायचा कुणी? नव्या कामाला पैसा निघतो, देखभालीला निघत नाही. याचं उत्तर तुमच्या कमिटीकडं आहे?

गोंडवन: आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. एकच विषय, दीडशे शब्दांत. "का केलं" विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. एस्टिमेट, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागा, शिवाय देखभाल किती महिने ठेकेदाराकडं आहे ते कलम. ३० दिवसांत माहिती नाही आली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

महाल_१८: अर्ज टाकतो. एस्टिमेटमध्ये झाडाभोवती काँक्रीट निघालं तर मात्र साठ दिवस थांबणार नाही, काम अडवायला जाऊ.

गोंडवन: जा. प्रत हातात घेऊन जा.